मातीकडे परतणारें लोखंड

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर, आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत, प्रकाशा हें गांव आहे. भाविक लोक त्यास दक्षिणकाशी म्हणतात आणि केदारेश्वराच्या दर्शनासाठीं दूरदूरून येतात. पण गांवालगतची जी टेकडी यात्रेकरूंना नदीकांठचा साधा उंचवटा वाटते, ती निसर्गानें घडविलेली नाहीं. माणसांनीं घरें बांधावीं, तीं पडावीं, पडलेल्या घरांवर पुन्हां नवीं घरें उभीं रहावीं, असें शतकानुशतकें चालून ती वाढली आहे. १९५४-५५ सालीं भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीनें श्री. बी. के. थापर यांनीं तेथें उत्खनन केलें. त्या वेळीं हा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडत असे. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं.

या उत्खननांत वस्तीचे चार कालखंड एकावर एक रचलेले आढळले. सर्वांत तळच्या थरांत, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकांतील लोकांनीं वापरलेलीं रंगीत मडकीं, गारेच्या जातीच्या दगडाचीं बारीक पातीं आणि थोडें तांबें मिळालें. लोखंडाचा तेथें मागमूस नव्हता. त्याच्या वरच्या थरांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, लोखंड आलें, आणि एकदां आलेलें लोखंड मग या गांवांतून पुन्हां गेलें नाहीं. तांब्याचा काळ कोठें संपला आणि लोखंडाचा कोठें सुरू झाला, हें तापीकांठच्या एका उभ्या खणलेल्या भिंतीवर बोट ठेवून दाखवितां येऊं लागलें.

तथापि अशा थरांतून वर येणारें लोखंड पाहून सामान्य माणसाची निराशाच व्हावयाची. ज्यानें मनांत लखलखीत सुरी किंवा टोंकदार बाणाग्र योजिलें असेल, त्याच्या हातीं पडतो एक तांबूस, फुगलेला, भेगाळलेला गोळा. मातीचें ढेकूळ कोणतें आणि हत्यार कोणतें हें अनुभवी नजरेलाच कळावें. तांब्याची गोष्ट निराळी. तें हिरवें पडलेलें असतें, कोठें कोठें खवले धरलेलें असतें. परंतु मणी मण्यासारखा आणि छिन्नी छिन्नीसारखी ओळखूं येते. वयानें हजार वर्षांनीं वडील असलेलें तांबें शाबूत, आणि धाकटें लोखंड मात्र मातीस मिळालेलें, हा उलटा प्रकार कां व्हावा? लोखंड तर दोहोंत बळकट! ज्यानें दगड फोडले, रानें तोडलीं, काळी जमीन नांगरली, तें ओलीपुढें इतकें दुबळें कसें ठरलें?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयास भट्टीपर्यंत मागें गेलें पाहिजे. सोनें नदीच्या वाळूंत सोनें म्हणूनच सांपडतें. लोखंडाचें तसें नाहीं. आकाशांतून पडलेल्या उल्का सोडल्या, तर निसर्गांत तें बहुधा सुटें मिळतच नाहीं. प्राणवायूशीं जखडलेल्या तांबड्या-काळ्या दगडाच्या रूपांत मिळतें. तो दगड कोळशाबरोबर भट्टींत घालून भाता मारीत राहिलें म्हणजे कोळसा प्राणवायूला ओढून नेतो व लोखंड मोकळें होतें. ही मोकळीक उष्णतेच्या जोरावर विकत घेतलेली असते. भट्टी विझली, लोखंड उघड्या हवेंत आलें, कीं तें पुन्हां प्राणवायूच्या शोधास लागतें. गंज म्हणजे लोखंडाला जडलेला कोणी परका रोग नव्हे. खाणींतून ज्या रूपांत तें निघालें त्या रूपाकडे त्याचा चाललेला परतीचा प्रवास होय. लोहारानें कांहीं घटकांत जें केलें तें ओली माती शेंकडों वर्षांत उलगडते, एवढाच फरक.

या प्रवासांत वजन वाढतें, घटत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. गंजलेला खिळा खंगलेला दिसतो खरा; पण त्याचा सगळा गंज जपून गोळा केला तर तो मूळ खिळ्याहून जड भरेल. ७० तोळे लोखंड पूर्णपणें प्राणवायूशीं संयोग पावलें तर १०० तोळे तांबडें ऑक्साइड होतें, आणि गंजांत पाण्याचाहि अंश असतो तो वेगळाच. आपल्याकडील वैद्य धातूंचीं भस्में करीत आले. लोखंडाच्या जुन्या किटापासून केलेलें मंडूरभस्म पांडुरोगावर देत, आणि त्यासाठीं कीट जितकें जुनें तितकें चांगलें मानीत. युरोपांतील रसायनज्ञ अठराव्या शतकांत समजत कीं धातु जळतांना त्यांतून कांहीं तरी निघून जातें. फ्रान्समधील लाव्हाझिए यानें १७७४ च्या सुमारास बंद पात्रांत कथील तापवून व वजनें करून दाखविलें कीं निघून कांहीं जात नाहीं, उलट हवेंतील एक भाग धातूला येऊन मिळतो. तराजूसारख्या साध्या उपकरणानें एवढा मोठा भ्रम नाहींसा व्हावा, ही शास्त्राच्या इतिहासांतील मोठी गोड गोष्ट आहे.

पण नुसता प्राणवायु पुरेसा असता तर चैत्र-वैशाखांत नंदुरबारच्या बाजारांतील सारें लोखंड तांबडें झालें असतें. तसें होत नाहीं. शाळेंतील प्रयोग सर्वांच्या परिचयाचा असेल. तीन परीक्षानळ्या घ्यावयाच्या. एकींत खिळे व थोडें साधें पाणी. दुसरींत खिळे व चांगलें उकळून हवा घालविलेलें पाणी, वर तेलाचा थर. तिसरींत खिळे, ओल शोषून घेणारा क्षार, आणि वर घट्ट बूच. आठवड्यानें पहावें तों गंज पहिल्या नळींतच. हवेवांचून पाणी आणि पाण्यावांचून हवा, दोन्हीं एकएकटीं पंगु आहेत. खानदेशच्या शेतकऱ्यानें ही गोष्ट नळ्यांवांचून जाणली. पेरणीच्या दिवसांत नांगराचा फाळ मातीला घांसून रुप्यासारखा चमकतो. काम संपलें कीं शहाणा कुणबी त्याला तेलाचा हात देऊन आढ्याला टांगतो. जो तसाच ओल्या कुडाशीं टेकवितो त्याला पुढल्या मृगांत फाळ खरवडीत बसावें लागतें. कोंकणांत तर मिठाचा वाराच वाहतो, त्यामुळें तेथील खिडकीचे गज देशावरच्या गजांहून फार लौकर झिजतात.

मीठ कां उतावळेपणा करतें, हें कळावयास विजेचें शास्त्र जन्मावें लागलें; आणि त्याचा धडा समुद्रावरच मिळाला. लाकडी जहाजांच्या तळाला किडे पोखरीत व शिंपले चिकटत. म्हणून इंग्रजांच्या आरमारानें १७६१ सालीं अलार्म नांवाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पातळ पत्रा मारला. दोन वर्षांनीं ती वेस्ट इंडीजहून परतली तेव्हां तांबें उत्तम होतें. मात्र ज्या लोखंडी खिळ्यांनीं तें बसविलें होतें ते जागजागीं कुजून गेले होते. कांहीं थोडे खिळे चांगले राहिले होते. शोध करतां दिसून आलें कीं पत्र्याच्या वेष्टणाचा तपकिरी कागद त्या खिळ्यांखालीं तसाच राहून गेला होता, आणि तांबें व लोखंड यांचा स्पर्शच झाला नव्हता! एका हलगर्जी कामगाराच्या चुकीनें शास्त्राचें एक मोठें कोडें उघडें करून ठेवलें. तें उमगावयास मात्र व्होल्टाचा विद्युत्घट यावा लागला, आणि तो आला १८०० सालीं. दोन निरनिराळे धातु एकमेकांस लागून खारट पाण्यांत बुडाले कीं तेथें विजेचा घट तयार होतो. त्यांत जो धातु अधिक उतावळा तो झिजतो आणि दुसरा वांचतो. हम्फ्रे डेव्ही यानें १८२४ सालीं हेंच उलटें वापरलें. तांब्याचा पत्रा समुद्रानें खाऊं नये म्हणून त्यानें त्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबें राखलें गेलें. गंमत अशी कीं इतकें सुरक्षित झालेल्या तांब्यावर शिंपले पुन्हां निर्धास्तपणें वाढूं लागले. कारण तांबें थोडें थोडें विरघळत होतें म्हणूनच आजवर त्या जीवांना तें विषारी होत होतें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानी जहाजें बांधलीं तीं याच तांब्याच्या युगांत. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें ट्रिंकोमाली हें जहाज इंग्लंडांतील हार्टलपूल येथें अद्यापहि तरंगत आहे.

हा विजेचा न्याय समुद्रावरून थेट स्वयंपाकघरांत येतो. तेलाचा पत्र्याचा डबा आणि छपराचा पन्हळी पत्रा, दोन्हीं आंतून लोखंडच. एकावर कथिलाचा मुलामा, दुसऱ्यावर जस्ताचा. ओरखडा पडेपर्यंत दोहोंत भेद कळत नाहीं. ओरखडा पडला कीं कथील स्वतः स्वस्थ रहातें आणि उघडें पडलेलें लोखंड पुढें करतें, म्हणून डबा त्याच जागीं झपाट्यानें भोंक पाडून घेतो. जस्त स्वतः झिजून शेजारचें लोखंड राखतें. १८३७ सालीं सोरेल या फ्रेंच माणसानें लोखंडावर जस्त चढविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि आज धडगांवपासून नवापुरापर्यंत पाड्यापाड्यांवर दिसणारीं पत्र्याचीं छपरें या युक्तीवर उभीं आहेत.

तांब्या-पितळेच्या भांड्यांची कल्हई हा आपला जुना शहाणपणा. पितळेच्या भांड्यांत ताक ठेवलें कीं तें कळकतें, हें प्रत्येक आजीला ठाऊक होतें. आंबट पदार्थांतील आम्ल तांब्याला विरघळवितें आणि तो हिरवा अंश पोटांत जाऊन मळमळ होते, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. कल्हईवाला भांडें तापवी, नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे, आणि कथिलाचा कण कापसानें फिरवितांच आंतली बाजू आरशासारखी होई. नवसागर हा नुसता विधि नव्हता. तांब्यावरचें काळें ऑक्साइड उडवून लावल्याखेरीज कथील धरतच नाहीं. चिंचेनें तांब्या घांसण्यांतहि तेंच रहस्य आहे. चिंच कळा काढते ती ऑक्साइड विरघळवूनच. म्हणजे रोजच्या घांसणीनें देवाचें ताम्हन उजळतें खरें, पण केंसाच्या केंसाच्या अंशानें पातळहि होत जातें. इंग्लंडमध्यें शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यानें १९१३ सालीं क्रोमियम घातलेलें न गंजणारें पोलाद काढलें, आणि त्या पोलादाचीं भांडीं घरोघर आल्यावर कल्हईवाल्याची आरोळी शहरांतून हळूहळू ऐकूं येईनाशी झाली.

आतां पुन्हां प्रकाशाच्या टेकडीकडे. तेथील सुरीजवळ तांब्याचा पत्रा कोठें होता, मग वीज कशी निर्माण झाली, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर केंब्रिजच्या युलिक एव्हान्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत एका थेंबानें दिलें. घांसून स्वच्छ केलेल्या लोखंडाच्या पत्र्यावर त्यांनीं खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा मुबलक, मधोमध कमी. कोणालाहि वाटावें कीं हवा जेथें अधिक तेथें लोखंड अधिक खाल्लें जाईल. घडलें नेमकें उलट! लोखंड विरघळलें मधोमध. कडेला हवा नुसती विजेची देवघेव पुरी करीत राहिली. आणि गंजाचें कडें दोहोंच्या मध्यें सांचलें. एकाच धातूच्या दोन जागांना हवेचा पुरवठा कमीजास्त झाला तरी तेवढ्यानें घट तयार होतो. म्हणूनच पत्र्यावर पडून राहिलेल्या चिखलाच्या ढेपळाखालीं, खिळ्याच्या डोक्याच्या आडोशाला, दोन पत्र्यांच्या सांध्यांत गंज आधीं शिरतो, आणि उघड्या, वाऱ्याच्या जागीं मागाहून येतो.

तापीकांठच्या काळ्या मातीला तर हा खेळ खेळावयास वर्षाचे बारा महिने. पावसाळ्यांत ती ओल घट्ट धरून ठेवते. उन्हाळ्यांत ती तडकते व भेगांवाटे हवा खोल शिरते. ओल आणि हवा आळीपाळीनें येत राहिलीं. एका बाजूला मातीचा घट्ट कण, दुसऱ्या बाजूला भेग, एवढें वैषम्य सुरीच्या पात्याला पुरेसें होतें. शिवाय वस्तीची जमीन म्हणजे राख, उकिरडा, गुरांचें मूत, माणसांचें सांडपाणी. त्यांतला क्षार मिठाचें काम करतो. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, सुटतो आणि आंतल्या ताज्या लोखंडाला पुन्हां उघडें टाकतो. ज्या कवचानें राखावें तेंच सच्छिद्र निघावें, हें लोखंडाचें खरें दुर्दैव.

तांब्याचें कवच दाट असतें व अंगाला चिकटून बसतें. आणि मुळांत तांबें प्राणवायूसाठीं लोखंडाइतकें अधीर नसतें. थोडा हिरवा थर आला कीं पुढील झीज मंदावते. इतकेंच नव्हे, तर हा हिरवा थर भोंवतालच्या नाजूक वस्तूंनाहि आश्रय देतो. आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें डॉ. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५४ ते ५६ या काळांत उत्खनन केलें. तेथें तांब्याच्या मण्यांची एक माळ मिळाली. तीन हजारांहून अधिक वर्षें ओलांडूनहि मण्यांच्या भोकांत दोरा शिल्लक होता, आणि तपासणींत तो रेशीम व कापूस यांचा निघाला. पुणें जिल्ह्यांत चांडोली येथें अशाच मण्यांत जवसाच्या झाडाच्या वाखाचा दोरा सांपडला. सूत जमिनींत चार-दोन वर्षांत कुजावें. पण झिजणाऱ्या तांब्याचे क्षार दोऱ्यांत मुरले, आणि कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना ते विषारी ठरले. तांबें मुळींच गंजलें नसतें तर महाराष्ट्रांतल्या त्या प्राचीन दोऱ्याची वार्ता कोणास कळती ना. गंजाला केवळ इतिहासाचा शत्रु म्हणणें अन्यायाचें होय, तें यासाठीं. लोखंडाचा गंजहि कधीं कधीं शेजारच्या कापडाची वीण आणि मुठीच्या लांकडाचे धागे दगडासारखे करून ठेवतो.

लोखंडानेंहि तांब्यासारखें दाट कवच धरल्याचें एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षांचा, सहा टनांहून जड. त्यावरील लेखांत चंद्र नांवाचा जो राजा आहे तो गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त असें बहुतेक विद्वान् मानतात. तो कां गंजत नाहीं याविषयीं मंत्रतंत्रापासून परग्रहावरच्या लोकांपर्यंत सर्व कांहीं बोलून झालें आहे. कानपूरच्या तंत्रशिक्षणसंस्थेंतील प्रा. बालसुब्रमण्यम् यांनीं दाखविलें कीं त्या लोखंडांत फॉस्फरसचा अंश बराच आहे, आणि त्यामुळें पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ, घट्ट थर हळूहळू जमत गेला. दिल्लीच्या कोरड्या हवेचेंहि साहाय्य झालें. पण स्तंभाचा जो भाग जमिनीखालीं होता तो गंजलेलाच आढळला! तेव्हां प्रकाशाच्या लोहाराची कारागिरी कमी प्रतीची होती असा निष्कर्ष कोणी काढूं नये. त्याची सुरी हवेंत उभी राहिली नाहीं, मातीखालीं पडली.

मातीखालीं पडलेल्या वस्तूचा मातीशीं शेवटीं एक प्रकारचा तह होतो. गंज दाट होतो, हवा कमी पोंचते, झीज इतकी मंदावते कीं जवळजवळ थांबतेच. पुराणवस्तुशास्त्रज्ञाची कुदळ हा तह मोडते. शेंकडों वर्षें आंत मुरलेला क्षार ताजी हवा लागतांच जागा होतो. लोखंडाच्या गोळ्यावर तपकिरी घामाचे थेंब फुटतात, पापुद्रे सुटतात, आणि खणून काढल्यानंतरच्या कांहीं वर्षांत त्याचें इतकें नुकसान होऊं शकतें, जितकें जमिनींतल्या शेंकडों वर्षांत झालें नव्हतें. तांब्यावरहि फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उठतात. त्याला शास्त्रज्ञ कांस्यरोग म्हणतात, आणि वस्तूच्या आंत क्षार व हवेंत ओल असेतों तो ठिपका पसरत जातो.

म्हणून अशा वस्तूंची शुश्रूषा खंदकापाशींच सुरू व्हावी लागते. ढेकूळ घाईनें खरवडावयाचें नाहीं. कारण सुरीची मूळची कडा पुष्कळदां लोखंडांत उरलेली नसते, गंजाच्याच एका थरांत जपलेली असते. क्ष-किरणांनीं आंतली आकृति आधीं पाहून घेतात. मग अल्कलीच्या द्रावणांत महिनेमहिने ठेवून, द्रावण बदलीत, क्षार बाहेर काढतात. शेवटीं ती वस्तु बंद पेटींत, सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर, ज्या हवेंत ओल शेंकडा १५ च्या खालीं आहे अशा हवेंत ठेवतात. कांहीं गोळ्यांत लोखंडाचा कणहि शिल्लक नसतो. सारें विरघळून आंत नुसती पोकळी राहिलेली असते. समुद्रतळाहून काढलेल्या अशा गोळ्यांच्या पोकळींत राळेसारखा पातळ द्रव ओतून तो घट्ट झाल्यावर बाहेरचें कवच फोडतात, आणि ज्या हत्यारांतलें लोखंड केव्हांच निघून गेलें त्या हत्याराचा ठसा, धारेच्या खांचेसकट, हातांत येतो.